सत्तावीस श्वास

निपाणी ते बेळगाव, बेळगाव ते निपाणी.
गळ्यात मशीन, खांद्याला बॅग,
बिल्ल्यावर कन्नडात नाव : अनंतमती मगदूम.
बायकांना शून्याचं तिकीट.
पैसे नाहीत, पण छापावं लागतंच, मोजावं लागतंच.
काल एकशे चौऱ्याहत्तर शून्यं वाटली मी
खांबाला कंबर टेकवून.

चिकोडीच्या डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा आवळला,
फुस्स करून हवा सोडली, परत आवळला.
"वय काय म्हणालात? एक्केचाळीस?"
मग मीठ कमी, लोणचं बंद,
रोज अर्धा तास चाला.
चालते की, म्हटलं,
दारापासून ड्रायव्हरपर्यंत, ड्रायव्हरपासून दारापर्यंत,
बेळगावला चालतच जाते मी.
त्या हसल्या नाहीत.
गोळीचं नाव लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

बोरगावच्या बस्तीजवळ वाढलेली मी.
दिवस मावळायच्या आत जेवणारी,
फडक्यातनं गाळल्याशिवाय पाणी न पिणारी पोर.
आता रात्री साडेदहाला, उभ्यानंच,
गार भाकरी, खर्डा,
आणि वर अपराधाची एक वाटी.
सासूबाई बोलत नाहीत काही.
फक्त आपलं पाण्याचं भांडं
सहा वाजताच पालथं घालून ठेवतात.

चातुर्मासाला माताजी आल्या.
ड्युटीवरनं तशीच गेले, खाकीत,
शेवटच्या रांगेत बसले.
सगळ्या उठल्यावर वाकले.
मनात उत्तर तयार : नोकरीच तशी, माताजी, काय करू.
पिंछी जराशी हलली.
"झोपतेस किती, बाई?"

मला सांगता येईना.
डेपोत रुपया कमी पडला तर पदरचा भरणारी मी,
झोप कधी मोजलीच नव्हती.
चार तास. साडेचार.
"मग आधी झोपेचा नियम घे.
आणि दिवसातनं एकदा नऊ णमोकार.
एका णमोकाराला तीन श्वास.
जास्त नको."
आणि गोळी?
"ती घ्यायचीच. विचारतेस काय."

संकेश्वरला गाडी दहा मिनिटं थांबते.
इराप्पा चहाला उतरतो.
मी बॅग मांडीवर दाबून डोळे मिटते.
पहिले चार श्वास डिझेलचे.
पाचव्याला कुणीतरी, हुक्केरीला जाते काय ही?
सातव्यात पोरीची फी.
नवव्यावर ते पालथं भांडं.
परत पहिल्यापासनं.

तंबाखूच्या वखारीतली रेहाना
पुढच्या सीटवर तस्बीह फिरवत असते.
"तुमचं किती झालं?"
"अकरा. तुझं?"
"तेहतीसला आलते, पोरगं रडलं."
आम्ही दोघी हसतो, आणि तो एक श्वास
कुणाच्याच हिशेबात धरत नाही.

सत्तावीसला पोचते का? खरं सांगू?
आठवड्यातनं दोनदा.

रात्रीची भांडी आता पोरगी घासते, आदळत.
सकाळचा डबा सुकुमार भरतात, कुरकुरत,
आणि भाजीत मीठ विसरतात.
बरंच झालं.
झोप सहा तासांवर आलीय,
कधी कधी साडेसहा.
डॉक्टरीणबाईंनी परवा पट्टा सोडला,
आकडा लिहिला,
खाली एकच रेघ ओढली.

संध्याकाळची फेरी. हत्तरगी मागं पडलीय.
तिकिटं संपलीत, डबा उघडा मांडीवर,
मशीनच्या चार्जिंगचा दिवा लालसर.
भाकरीचा तुकडा मोडते आणि विचारते,
कुणाला, तेही नीट ठाऊक नाही,
"गेला काय?"

इराप्पाला आमचं धर्माचं काही कळत नाही.
तो रविवारी मटण खातो, सोमवारी शंकराला जातो.
पण हल्ली या वळणावर गाडी जरा हळू घेतो,
उजवीकडच्या आरशात बघतो,
माळावर टेकलेला तांबडा गोळा
हातभर वर आहे अजून, की वीतभर,
आणि मागं न वळता सांगतो,

"इन्ना अदान, अक्का.
उण्णू, सावकाश उण्णू."